बिनकापडाचं स्ट्रेचर

१

चाचणीच्या दिवशी सकाळी पिशवीचं सील तोडलं आणि आतून स्ट्रेचरचा नुसता सांगाडा निघाला. दोन लांब काठ्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, बिजागऱ्या, पाय, सगळं जागच्या जागी. ज्याच्यावर माणसाला निजवायचं ते कापड मात्र गायब.

तपासणी साहेबांनी पिशवी उलटी करून झटकली. चार-दोन दोरे खाली पडले.

"वा," साहेब म्हणाले, "पेशंटला काय काठ्यांवर वाळत घालायचं?"

कोणी हसलं नाही. मी तर नाहीच नाही, कारण हा नमुना ज्या कारखान्याचा होता त्याला आमच्या ऑफिसनं बोट धरून इथवर आणलं होतं. अल्पसंख्याक लघुउद्योग साहाय्य केंद्र हे आमच्या ऑफिसचं नाव. पाटी दारापेक्षा मोठी आहे. आमच्या समाजाची माणसं या शहरात मूठभर. सरकारी दवाखान्यांना लागणाऱ्या मालातला काही हिस्सा अशा मूठभरांच्या छोट्या कारखान्यांकडूनच घ्यायचा, असा नियम आहे. तो नियम त्यांना समजावून सांगायचा, टेंडर भरायला मदत करायची, भांडवलाची सोय लावायची, हे आमचं काम. ते करायला केंद्रात माणसं दोन. आमच्या प्रमुख, ज्यांना सगळेच 'बाई' म्हणतात, आणि मी कारकून. शिपायाची जागा मंजूर आहे, शिपाई अजून यायचा आहे.

"तुमच्या लोकांचं हे असं," साहेब माझ्याकडे बघत म्हणाले. "आधीच राखीव हिस्सा. त्यात नमुनासुद्धा धड देता येत नाही."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे 'तुमच्या लोकांचं' मी शाळेपासून ऐकत आलोय आणि अजून त्याची सवय झालेली नाही. होऊही नये. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी माझ्या हाताला हलकंच चिमटा काढला. मग खाली वाकून त्यांनी फरशीवरचे दोरे एकेक करून उचलले आणि लिफाफ्यात ठेवले.

खरेदी समितीचे अध्यक्ष शांत गृहस्थ होते. त्यांनी नियम वाचून दाखवला. सरकारच्या ताब्यात असताना नमुना गहाळ झाला तर कारखान्याला दुसरा नमुना द्यायची संधी मिळते, आणि ज्याच्या ताब्यातून तो गेला तो स्टोअरकीपर निलंबित होतो.

"आणि कारखान्याच्याच माणसानं गडबड केली असेल तर?" साहेबांनी विचारलं.

"तर कारखान्याचं नाव यादीतून कायमचं कमी. पुन्हा कुठल्याच सरकारी कामाला हात लावता येणार नाही." अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. "उद्यापर्यंत मला सांगा, दोन्हीपैकी काय."

भिंतीशी उभा असलेला स्टोअरकीपर मटकन खाली बसला.

२

या स्टोअरकीपरला सगळे कुलूपराव म्हणतात. कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघतो, दहा पावलं जातो आणि परत येऊन तिसऱ्यांदा ओढतो. अशा माणसाच्या स्टोअरमधून चोरी व्हावी, हे मलाच पटेना.

"काल तपासणीचा दिवस होता," तो घोगऱ्या आवाजात सांगू लागला. "चाचणीआधी प्रत्येक कारखान्याचं माणूस येऊन आपला नमुना बघून जातं. बिजागरीला तेल लावायचं, स्क्रू आवळायचे, एवढंच. या कारखान्याकडून आत्या आल्या होत्या."

आत्या म्हणजे त्या कारखान्याचा कणा. मालक त्यांचा भाचा, पण त्याला लहानाचं मोठं त्यांनीच केलं आणि शिवणही त्यांनीच शिकवली. अख्खी गल्ली त्यांना आत्याच म्हणते, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा.

"तुम्ही त्यांच्याजवळ होतात?" बाईंनी विचारलं.

कुलूपराव घुटमळला. "होतो हो. पण मध्येच अत्तरशेठ आले. चला, चहा घेऊ म्हणाले. गेटापाशी दोन दोन कप झाले. शेठ बोलायला लागले की थांबतात कुठे?"

मी मनातल्या मनात केस मिटवून टाकली. अत्तरशेठ म्हणजे दवाखान्यांना चादरीपासून चाकाच्या खुर्चीपर्यंत सगळं पुरवणारा बडा कंत्राटदार. तो येण्याआधी त्याचा वास येतो आणि गेल्यावर पंख्यालाही जात नाही. राखीव हिश्श्यातला नमुना नापास झाला तर ती सगळी ऑर्डर खुली होणार आणि शेठच्या पदरात पडणार. त्यानं कुलूपरावाला चहाला न्यायचं, त्याच्या माणसानं मागून कापड पळवायचं. लहान मूलही सांगेल.

"परत आलात तेव्हा आत्या कुठे होत्या?"

"इथंच. पिशवी बांधून उभ्या होत्या. मध्ये तेलाचे हात धुवायला गेले होते म्हणाल्या. मी सील ठोकलं. पिशवी उघडून बघितली नाही, ही माझी चूक." त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "त्यांना म्हटलं, बसा, तुम्हालाही चहा मागवतो. पण बसल्याच नाहीत. एरवी पायऱ्या चढून आल्या की आधी खुर्ची मागतात. काल त्या लांब कोटात घामाघूम झाल्या होत्या, तरी ताठ उभ्या. कोट काढा म्हटलं, तर माझ्यावरच खेकसल्या."

"आत्या कुणावर खेकसत नाहीत?" मी म्हणालो.

बाई स्टोअरच्या टेबलाशी वाकल्या. त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि तिथं चिकटलेला आणखी एक दोरा उचलला. हातभर लांब होता आणि बारीक बारीक लाटा असाव्यात तसा वळलेला.

३

आम्ही ऑफिसात परतलो तर जिन्यातच वास आला. अत्तरशेठ आमच्या एकुलत्या एक पाहुण्यांच्या खुर्चीत बसला होता.

मला वाटलं, चोर स्वतःच्या पायानं आला. पण शेठचा चेहरा चोरासारखा नव्हता. ज्याच्याकडे चोरी झालीय, त्याच्यासारखा होता.

"बाई, हा सरळ सरळ अन्याय आहे," त्यानं सुरुवात केली. "गरीब बिचारा कारखाना, कष्टाळू पोरगा. त्याचा नमुना असा जातोच कसा? मी अध्यक्षांशी बोलू का? माझी ओळख आहे."

"तुम्हाला इतका कळवळा?" मी विचारलं. "नमुना गेला तर तुमचाच फायदा."

"फायद्याचं काय घेऊन बसलात. मोठ्यांनी लहानांना सांभाळून घ्यावं." शेठनं रुमालानं मान पुसली. "तुम्ही फक्त एवढं करा. गहाळ झालं म्हणून रिपोर्ट द्या, दुसऱ्या नमुन्याची परवानगी घ्या. उद्या सकाळी नवा नमुना समितीपुढे हजर होईल. विषय संपला."

"उद्या सकाळी?" बाईंनी विचारलं.

"हो, म्हणजे... ते करतील की. मेहनती माणसं आहेत."

बाईंनी त्याला छान निरोप दिला, दारापर्यंत सोडायला गेल्या, वर खिडकी उघडली. मग टेबलाच्या कोपऱ्यावर बसल्या.

"चोर हा नाही," त्या म्हणाल्या.

"बाई, याच्याइतका फायदा कुणाचाच नाही."

"नमुना पास व्हावा म्हणून तो पाया पडायचा बाकी राहिला. चोरणारा असं करेल?" त्यांनी लिफाफा उघडून दोरे टेबलावर मांडले. "तुम्ही गेल्या महिन्यात सगळ्या कारखानदारांना नियम समजावून सांगायला सभा घेतली होती ना?"

घेतली होती. त्या सभेचा मला अभिमान आहे, पण खरं सांगायचं तर अर्धी सभा पेंगत होती. आत्यांचा भाचा तर दुसऱ्या रांगेत चक्क घोरत होता. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं तर हॉल मुका. पुढच्या रांगेतून एकच हात वर आला होता.

"तो प्रश्न काय होता, आठवतंय?"

मला आठवलं. 'दिलेला नमुना तुमच्याकडून हरवला, तर आम्हाला दुसरा देता येतो का?' आणि तो हात कुणाचा होता, तेही आठवलं. "आत्या," मी म्हणालो.

४

आत्यांचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, खिडक्या दोन्ही बाजूंनी. मध्ये लाकडी बाकं, आणि प्रत्येक बाकावर दोन माणसं समोरासमोर बसलेली. मध्ये जाड कापड. एकाच भोकातून इकडून एक सुई जाते, तिकडून दुसरी येते. दोरा आधी मेणाच्या गोळ्यातून ओढून घेतलेला. हात असे चालतात की बघणाऱ्याला आपले हात उगाच लटकवून ठेवलेत असं वाटावं. आमच्या समाजात पिढ्यान् पिढ्या तंबू, खोगीर, पाण्याच्या पिशव्या याच शिवणीनं शिवल्या गेल्या. माझे आजोबाही हेच करायचे. त्या खोलीत शिरलो की मला उगाचच छाती पुढे काढून चालावंसं वाटतं.

"या," आत्या म्हणाल्या. सुई थांबली नाही. "चोर सापडला का?"

"शोधतोय," बाई म्हणाल्या. "आत्या, एक काम होतं. ही शिवण उसवून दाखवता?"

"उसवून? लोक शिवून मागतात आमच्याकडे."

"माझं जरा अडाणी डोकं आहे म्हणा."

आत्यांनी एक टाकाऊ तुकडा घेतला आणि बारीक कात्री चालवली. एक टाका कापला. काहीच सुटलं नाही. दुसरा कापला, तिसरा कापला. प्रत्येक टाका वेगळा कापावा लागत होता आणि मेणाचे चिकट, नखाएवढे तुकडे बाकावर पडत होते.

"एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो," आत्या म्हणाल्या. "मशीनच्या शिवणीसारखं नाही. तिथं एक टोक सापडलं की सरसर सगळी शिवण हातात."

हे बोलून त्या थांबल्या. जणू जिभेवरून काहीतरी निसटून गेलं होतं.

बाई भाच्याकडे वळल्या. तो कोपऱ्यात कापडाचे गठ्ठे मोजायचं नाटक करत होता. "एक स्ट्रेचर पूर्ण व्हायला किती दिवस लागतात हो?"

"आठवडा तरी लागतो."

"मग उद्या सकाळी नवा नमुना कुठून येणार होता?"

भाच्याचं मोजणं थांबलं. बाईंनी लिफाफा काढला आणि आतले दोरे त्या नखाएवढ्या तुकड्यांशेजारी ठेवले. हातभर लांब, कोरडे, मेणाचा टिपूसही नाही.

"हे त्या पिशवीतून निघाले," त्या म्हणाल्या. "दार लावून घ्या."

५

दार लागलं. कारागीर बाहेर गेले. खोलीत आम्ही चौघंच उरलो.

"परक्या चोरानं कापड फाडलं असतं, कापलं असतं," बाई बोलू लागल्या. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नाही. "इथं शिवण नीट उसवलेली आहे. जिला शिवलेल्या कापडावर सुरी चालवणं जिवावर येतं, तिनंच हे केलं. पण दोरे लांब निघाले. म्हणजे शिवण मशीनची. म्हणजे तुमच्या नावानं दिलेला नमुना तुमचा नव्हताच. तो शेठच्या कारखान्यातला. नाव तुमचं, माल त्याचा. राखीव ऑर्डर तुम्हाला मिळणार, पैसा त्याला, आणि तुम्हाला थोडंसं काहीतरी. म्हणून तो उद्या सकाळी दुसरा देऊ शकत होता, आणि म्हणून त्याला तो पास व्हायला हवा होता. काल कुलूपरावाला चहाला नेलं तेही नमुना जरा जपून ठेवा, हे सांगायलाच असणार. त्याच्या त्या दोन कपांत आत्यांचं काम झालं."

भाच्यानं मान खाली घातली.

"आणि आत्या बसल्या नाहीत," बाई म्हणाल्या, "कारण अंगाभोवती गुंडाळलेल्या जाड कापडात माणसाला बसता येत नाही."

आत्यांनी सुई कापडात खोचून ठेवली. "नेलं मी. चुलीत घातलं. बिजागरीला तेल लावायला गेले, पिशवी उघडली, आणि एका नजरेत कळलं. कारखान्याची, माझ्या भावाच्या नावाची पट्टी लावली होती त्याच्यावर. त्या असल्या शिवणीवर." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "लोक म्हणतात, यांना फुकट मिळतं. म्हणू देत, मी म्हणते. नियमानं आपल्याला दारापर्यंत आणलं, आत गेल्यावर वजन आपलं आपण उचलून दाखवायचं. आणि हा मालक दारातूनच दुसऱ्याला आत सोडतोय."

"आत्या, ऑर्डर केवढी आहे बघितलीस का?" भाचा कळवळून म्हणाला. "आपली दहा माणसं. कापडाला पैसे कुठून आणू? वेळेत झालं नाही तर दंड. शेठ म्हणाला, तुम्ही फक्त सही करा. मला वाटलं, निदान कारखाना तरी उघडा राहील."

"मला विचारलं असतंस."

"तू काय म्हणाली असतीस ते माहीत होतं ना."

मला राहवलं नाही. "अहो, राखीव कामात माल हप्त्याहप्त्यानं देता येतो. कापडासाठी आगाऊ रक्कम आमच्या केंद्रातून मिळते. दोन छोटे कारखाने मिळूनही ऑर्डर घेऊ शकतात. सगळं सभेत सांगितलं होतं मी."

भाच्यानं हातातला गठ्ठा खाली ठेवला. मग त्यानं फक्त एवढंच विचारलं, "मी झोपलो होतो तेव्हा?"

बाई उठल्या. "दोघांचं ऐकलं. आता माझं ऐका. सगळं दडवलं तर 'गहाळ' असा रिपोर्ट जाईल, तुम्हाला नवी संधी मिळेल, आणि उद्या कुलूपराव घरी बसेल."

आत्या गर्रकन वळल्या. "तो कशाला? त्यानं काय केलंय?"

"त्याच्या ताब्यातून गेलं. नियम आहे."

"त्या सभेत हे कुणी सांगितलं नाही."

ते मात्र खरं होतं. मी सांगितलं नव्हतं. आत्यांनी बाकावरचे लांब दोरे गोळा करून बाईंच्या लिफाफ्यात टाकले. खरं बोललं तर यादीतून नाव जाणार, कायमचं, आणि ते नाव त्यांच्या भावाचं.

"उद्या किती वाजता?" त्यांनी विचारलं.

६

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये समिती बसली, तपासणी साहेब बसले, आणि मागच्या रांगेत वासासकट अत्तरशेठ. कुलूपराव चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवून उभा होता. बाईंनी उठून एवढंच सांगितलं की रिपोर्ट देण्याआधी कारखान्याचं म्हणणं ऐकावं.

आत्या उठायला लागल्या. पण त्यांच्या खांद्यावर हात ठेवून भाचाच आधी उभा राहिला.

"तो नमुना आमचा नव्हता," तो म्हणाला. "शेठच्या कारखान्यातला होता. आमच्या नावानं मी दिला. आत्यानं तो उसवून नेला, कारण तिला लाज वाटली. मला वाटायला हवी होती. स्टोअरकीपरचा यात काही दोष नाही. नाव कमी करायचं असेल तर करा."

"कापड मी नेलं," आत्या उठून म्हणाल्या. "उगाच माझं काम कुणी आपल्या अंगावर घेऊ नये."

मागची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शेठ निघाला होता. अध्यक्षांनी त्याला मोठ्या आदरानं थांबवून घेतलं आणि चौकशीसाठी दुसऱ्या खोलीत बसायला सांगितलं.

मग बाई बोलल्या. नमुना कुणी बनवला हे चाचणीच्या टेबलावर विचारतात, आणि मालकाची सही त्यानंतर घेतात. चाचणी झालीच नव्हती. म्हणजे या माणसानं खोटं आणून ठेवलं, पण खोट्यावर सही केलेली नाही. सही करायच्या आधी स्वतःहून मागे घेतलं, आणि तेही दुसऱ्या माणसाची नोकरी वाचवायला, पदरात असलेली सुटका सोडून. आत्यांनी उसवलं तेही खोटंच, कारखान्याचा खरा नमुना नव्हे. नियमात बसतं का ते समितीनं पाहावं.

समितीनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. अध्यक्षांनी कडक शब्दांत समज दिली, ती भाच्यानं मान खाली घालून ऐकून घेतली. नाव यादीत राहिलं, आणि स्वतःचा नमुना द्यायला एक आठवडा मिळाला. चाव्यांचा जुडगा कुलूपरावाला परत मिळाला आणि त्यानं लगेच जाऊन कुलूप ओढून बघितलं.

त्या आठवड्यात कारखान्यातून कुणी हाललं नाही. शेवटच्या बाकावर आत्या आणि भाचा समोरासमोर बसले होते. एकमेकांशी फार बोलत नव्हते, पण सुया मात्र एका तालात येत-जात होत्या. आमच्या केंद्राची आगाऊ रक्कम मंजूर करून आणायला मी चार टेबलांशी भांडलो. मला अजून उत्साह होता, पण टेबलं संपली.

चाचणीच्या दिवशी साहेबांनी नव्या स्ट्रेचरवर हात फिरवला आणि ठरलेला प्रश्न विचारला. "हा नमुना कुणी बनवला?"

"आम्ही," भाचा म्हणाला. हॉलच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला.

वाळूची पोती चढू लागली. नियमाचं वजन झालं, शिवण जागची हलली नाही. साहेबांनी पेन उचललं.

"थांबा," आत्या म्हणाल्या. "अजून ठेवा."

"गरज नाही हो. पास आहे."

"तुम्हाला नसेल. मला आहे. तुमच्या लोकांचं म्हणालात ना त्या दिवशी? ठेवा."

साहेबांचे ते शब्द आत्यांना मीच सांगितले होते. साहेबांनी पोती ठेवली. कापड ताणलं, काठ्या किंचित वाकल्या, टाका एकही सुटला नाही. शेवटी पोत्यांचा कोपरा रिकामा झाला.

"वाळू संपली," साहेब म्हणाले. आणि मग त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना सगळं मागचं माफ केलं. त्यांनी पोती उतरवायला लावली, बूट काढले आणि स्वतः स्ट्रेचरवर आडवे झाले. "मी चांगला जड आहे. उचला."

पुढचं टोक भाच्यानं धरलं, मागचं कुलूपरावानं. साहेबांना घेऊन ते हॉलभर फिरले, समितीच्या टेबलासमोरून, दारातून बाहेर, लांबच्या लांब कॉरिडॉरमधून, जिथं इतर कारखान्यांची माणसं आपापली पाळी येण्याची वाट बघत होती. त्यात आमच्या समाजाचीही माणसं होती. ती एकेक करून उठून उभी राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. आत्या स्ट्रेचरच्या बाजूनं चालत होत्या, शिवणीवर नजर ठेवून.